सरुबाईचा नांगर

१४ नोव्हेंबर १९३२, सोमवार

साखळी! सरुबाईच्या नावेला साखळी आणि वर कुलूप!

रोजच्यासारखी ती पलीकडच्या वस्तीतून दूध घेऊन आली, जांभळीच्या झाडाला नाव बांधून लोणावळ्यात गेली, रतीब घालून परत आली, तर हे! मीही तेवढ्यात पोचले. माझी शाळा पलीकडे, मी तिथली मास्तरीण. रोज तिच्याच नावेतून जाते. आज दोघी डोंगराच्या कडेनं पाच मैल चालत गेलो. अकरा वाजले. तेवीस पोरं पाटी-दप्तर घेऊन काठावर बसलेली, पाण्याकडे तोंड करून.

बोट क्लबनं धक्क्यावर पाटी लावली आहे. धरणाच्या तळ्यात नावा कुठे बांधायच्या, कशा उभ्या करायच्या याची नऊ कलमं. वर इंग्रजी, खाली मराठी. मराठी अक्षर पाहिलं आणि ओळखलं. आमच्या ह्यांचं अक्षर!

१५ नोव्हेंबर

विचारलंच. "तुम्ही लिहिलीत?"

"साहेबांनी सांगितलं, लिहिली. कारकून आहे मी, इंदिरा."

"आणि पोरांनी शाळेत कसं शिकायचं?"

"आपण राहतो ती खोली क्लबची आहे."

दर वेळी खोली! खोली म्हटलं की मी गप्प बसायचं.

अनंत. अनंत. अनंत. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. लिहिलं! काय बिघडलं?

१७ नोव्हेंबर

पहिली चूक म्हणून नाव सोडली. क्लबच्या सेक्रेटरी साहेबानं बजावलं – पुन्हा सापडली तर कायमची जप्त. वस्तीत ती एकच नाव आहे. दूध, बाजार, आजारी माणूस, मास्तरीण, सगळं तिच्यातून.

सरुबाई मला म्हणाली, "बाई, ती पाटी वाचा. मधलं काय सोडू नगा."

वाचली. जांभळीला बांधायचं नाही, कुठल्याच झाडाला नाही. धक्का फक्त सभासदांना. बाकीच्यांनी पाण्यात नाव उभी करायची तर लोखंडी नांगर टाकायचा, दोराला दगड बांधलेला चालणार नाही. आणि नावेत माणूस हवा; नसला तर जप्त.

सरुबाईचा नांगर म्हणजे जात्याची जुनी तळी. तिनं पाटीवर बोट ठेवलं.

"नांगरच म्हनत्यात न्हवं? लोखंडाचा?"

"हो."

"हाय की घरी!"

२१ नोव्हेंबर

हसून हसून पोट दुखलं. आणि आता लिहिताना रडू येतंय, ते का कळत नाही.

सरुबाईनं नावेत शेतातला नांगर घालून आणला! लोखंडी. तिच्या दादल्यानं धरणाच्या आदल्या साली घेतलेला. एक हंगाम चालला, मग खाचर पाण्याखाली गेलं, मागून दादलाही गेला. सोळा वर्षं नांगर गोठ्यात पडून होता. आज त्याला दोर बांधला आणि काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, धाडकन सोडला.

क्लबचा पहारेकरी धावत आला. "ए बाई, हे काय?"

"नांगर. तुमच्याच पाटीवर लिवलंय."

"तो नांगर वेगळा!"

"मंग तसं लिवायचं हुतं. आन् ह्यो माझ्याच वावरात पडलाय. हितंच भात करत हुतो आमी. ईचार कुनालाबी."

साहेबानं व्हरांड्यातून पाहिलं. कलम इंग्रजीत वाचलं, मराठीत वाचून घेतलं. वाचून दाखवणारे आमचे हे! मान खाली घालून, एकेक शब्द. शेवटी साहेब आत गेला, नाव तिथंच राहिली.

२३ नोव्हेंबर

नावेत बसायच्या पाळ्या लागल्या. सरुबाई रतीब घालते तेवढा वेळ म्हाताऱ्या बयाबाई बसतात. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, तंबाखू मळत. त्यांना कोणी उठवून दाखवावं!

३ डिसेंबर

आज शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर सरुबाई मला घेऊन निघाली, बरोबर तापानं फणफणलेल्या बयाबाई. त्यांना पाठीवर घेऊन ती डॉक्टरकडे गेली. म्हणून नावेत मी बसले. तास झाला असेल. क्लबची मोटारबोट आली. साहेब स्वतः. माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्यातून आरपार बघितलं. पहारेकऱ्याला म्हणाला, "कोई नहीं है. ले चलो."

कोई नहीं!

मी उठले नाही. नाव मला घेऊनच ओढत नेली. उतरले ती क्लबच्या पायऱ्यांवर, सगळ्या मडमांच्या देखत.  चालत गेले, ताठ.

१० डिसेंबर

वडगावच्या कचेरीतून कागद आला. एकोणीस तारखेला मामलेदारांपुढे चौकशी. क्लबची तक्रार: नाव बेवारशी उभी होती. साक्षीदार – क्लबचा पहारेकरी आणि क्लबचा कारकून.

हे त्या दिवशी व्हरांड्यातच होते. मला पाहिलं होतं. मला!

"काय सांगणार आहात?"

ह्यांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले.

१३ डिसेंबर

आठ दिवस चालत जाते आहे. टाचा फुटल्या. पटावर तेवीस, आज चौदाच आली. बयाबाई बऱ्या आहेत, पण चालत नेलेलं दूध नासतं म्हणून तीन घरांनी रतीब तोडला. घरात आम्ही बोलत नाही. भाकरी वाढते, पाणी ठेवते.

१९ डिसेंबर

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

पहारेकऱ्यानं पढवलेलं सांगितलं – नाव रिकामी होती. सरुबाई कोपऱ्यात उकिडवी बसली होती, बोटांभोवती पदर गुंडाळत. मग ह्यांना बोलावलं. कोटाचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं.

मामलेदारांनी विचारलं, "नावेत कोणी होतं?"

"होतं, रावसाहेब."

साहेबाची खुर्ची वाजली.

"कोण?"

"माझी पत्नी. इंदिरा." भर कचेरीत माझं नाव!

साहेब मध्येच म्हणाला, ती नावाडी नाही, वल्हवता येत नाही, धरायची नाही.

हे म्हणाले, "कलमात नावाडी असं नाही. माणूस असं आहे. मी स्वतः लिहिलंय. माझी बायको माणूस आहे." शब्द एकही गिळला नाही.

नाव सोडायचा हुकूम झाला. नांगरासकट.

बाहेर सरुबाईनं ह्यांचे हातच धरले. हे वरच्या बटणाशी चाळा करत राहिले.

२० डिसेंबर

नोकरी गेली. खोली आठ दिवसांत सोडायची.

सामान बांधताना हे म्हणाले, "भीती वाटत होती ती एवढीच होती होय?" आणि आम्ही दोघं ट्रंकेवर बसून हसलो. कितीतरी दिवसांनी.

२ जानेवारी १९३३

आठवडा झाला, आम्ही वस्तीत राहतो. सरुबाईच्या पडवीत.

आज नाव मी वल्हवत नेली. सरुबाई दुधाच्या घागरी धरून नुसती बसून होती. दोन्ही तळहात सोलले. काठाशी साहेब उभाच होता. विचारलं, "ये नाव किसकी है?"

म्हटलं, "आमची."