गंधालीसाठी संकल्प

बूढ़ापारा, रायपूर

तीर्थरूप आईस, मीराचा दुरूनच पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही मजेत. तुझे गुडघे कसे आहेत?

गंधाली पोलंडातच आहे. लाल झेंड्याचं सरकार गेल्यावर तिथल्या बायका कशा लढल्या, ते कॉलेजात शिकवते, त्यावर पुस्तकही लिहिते आहे. आज त्यांच्याच मोर्चात जाणार. फोनवर म्हटलं, "पोट्टे, तू लिहून राहिली ना? मग जातं काहून?" तर म्हणे, "आई, घरी बसून काय लिहू?"

कामात लक्ष लागेना. देवीची ओटी भरायला गेले. संकल्प तिच्या लग्नाचा करायचा होता; तोंडून निघालं, "सुखरूप परतू दे. सोबतच्या बायकांनाही."

पंडितजींनी विचारलं, "दीदी, उनका गोत्र?"

म्हटलं, "हमारा ही लगा दो."

तूही देवापाशी सगळ्यांसाठी हात जोड.

तुझी,
मीरा