तात्यांची बोटं

३ नोव्हें., सोमवार
इन्स्पेक्शनला आज आठवा दिवस. विमानाच्या दाराचे ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट, एकेकात बारा भोकं. ड्रिल मुद्दाम थोडं लहान मारतात, मग तात्या रीमर फिरवून नेमक्या मापाला आणतात, कडेला राहिलेली धारदार कूस काढतात. सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकले. आता त्यांचं काम मी तपासायचं. कसंतरीच वाटतं.
शेवटी शेवटी एका भोकात नो-गो गेजचा मापाहून किंचित जाड दांडा सरळ आत गेला. जायला नको होता. पुसून पुन्हा घातला. गेलाच. लहान भोक वाढवता येतं, मोठं झालेलं...

४ नोव्हें.
आणखी दोन सापडली. एकाच्या कडेला कूसही तशीच. तात्यांच्या कामात कूस!
त्यांना दाखवलं. बोट फिरवून म्हणाले, "काय नाय गो इथं. गुळगुळीत हाय."
माझं बोट अडकत होतं.

५ नोव्हें.
जेवणानंतर चहा. स्टीलचा पेला मला ओढणीने धरावा लागला. तात्या मात्र नुसत्या हाताने धरून निवांत बसलेले.
"तात्या, कधीपासून?"
पेला खाली ठेवला. मग, "गणपतीपासून. साखर वाढलीय. बोटांच्या टोकांना कळत नाय."
रीमरच्या दातांत चिकटलेला कीस ते ब्रश मारून वर बोटाने चाचपून बघायचे. आता कीस तसाच राहतो नि भोक मोठं होतं. नजर गेली तर माणूस चष्मा लावतो. याला काय लावायचं?

६ नोव्हें.
बाद मालाची लाल चिठ्ठी हातात घेऊन उभी. लावली की तात्यांचं नाव त्यावर. तेच जवळ आले. "लाव गो. मीच शिकवलाय ना तुला?" मग हळूच, "गणपतीपासनं तीन लॉट भायेर गेलेत."
तेव्हा पेटीतले चारदोनच तपासायचे.
दोघं साहेबांकडे गेलो. सगळं तात्याच बोलले. साहेब आधी तडकले, मग त्यांच्याकडे खुर्ची सरकवली. तिन्ही लॉट परत बोलावणार. तात्या तूर्त घरी.

८ नोव्हें., शनि.
मालगुंडहून काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, फोन. वाटलं, ओरडणार. "परवा बांगडे साफ करताना बोट कापलं त्यांचं. रक्त बघितल्यावर कळलं त्यांना," म्हणाल्या. "मलाही नव्हतं सांगितलं गो." रडत होत्या. उद्या डॉक्टरकडे नेतायत.

१७ नोव्हें.
पहिले दोन लॉट आले. पहिला सगळा बरोबर. दुसऱ्यात चार बाद. रोज प्रत्येक भोक मोजते. मान धरलीय.

२१ नोव्हें., शुक्र.
तिसरा लॉट आला. आठ ब्रॅकेट कमी. विमानांत बसवले की कुठे पडलेत, विमान कारखान्यातले लोक शोधतायत. साहेब सकाळपासून फोनवर.
दुपारी वॉचमन बोलवायला आला. गेटवर तात्या. मालगुंडहून एसटीने आलेले. आत चला म्हटलं, नको म्हणाले.
"किती झाले?"
"चाळीस. दोन बाद."
"ऱ्हायले?"
"बावन्न. आणि... आठ आलेच नाहीत, तात्या."
डोळे मिटले त्यांनी. दोन्ही हात एकमेकांवर चोळत राहिले. मग वॉचमनच्या स्टुलावर बसले.
"तू जा. मोज. त्या आठांचं कळलं की भायेर येऊन सांग. मी इथंच हाय."
मी आत आले. पुढचा ब्रॅकेट उचलला. साहेबांचा फोन अजून चालूच होता.