काळी रॅम, पांढरी रॅम

शनिवार, ८ नोव्हेंबर
सासूबाईंची सत्तरी पुढच्या शनिवारी. यूचेनला, म्हणजे बायकोला, त्यांच्या जुन्या फोटोंचा व्हिडिओ करायचाय. कॉम्प्युटर रखडतो, म्हणून दोन कंपन्यांच्या रॅम मागवल्या. एक काळी, एक पांढरी. सात दिवसांत परत करता येतात. हरेल ती परत!
मेव्हणा जुनहाव चिपच्या कारखान्यात आहे. फोनवर म्हणाला, दाजी, आत माल एकच, वरचं जाकीट फक्त वेगळं. कारखान्यातल्या माणसाला बाजारातलं काय कळणार?

रविवार, ९
वेगाची टेस्ट. गुण: काळी ८२१२, पांढरी ८२१४. पांढरी जिंकली! चहा पिऊन पुन्हा लावली. काळी ८२१५. चैन पडेना.

सोमवार, १०
पोटदुखी सांगून ऑफिसातून लवकर आलो. यूचेनने कॉम्प्युटर मागितला. म्हटलं, उद्या देतो. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांतला मी नव्हे.
मशीन गुणी राहावं म्हणून तिने त्यावर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं. इकडची श्रद्धाच आहे ती, आमच्या ऑफिसातही ठेवतात; रंग मात्र हिरवाच लागतो. मी विज्ञानवादी आहे, नुसता हसलो.

मंगळवार, ११
खिडकी उघडी: काळी पुढे. बंद: पांढरी. पंखा लावून: बरोबरी. हे कसं चालेल?
यूचेन व्हिडिओसाठी मोबाइलवर नातेवाइकांच्या शुभेच्छा शूट करत हिंडत होती. मला म्हणाली, बोल काहीतरी. कामात होतो.

बुधवार, १२
भूक लागली, पाकीट खाल्लं. पाच मिनिटांत मशीन बंद. योगायोग. तरी खाली जाऊन दुसरं आणलं. हिरवी संपली होती, पिवळं मिळालं. यूचेन ओरडली, पिवळं? आजारी पाडायचंय का त्याला? आणि मला आज तरी देणार आहेस का? म्हटलं, उद्या. नक्की.

गुरुवार, १३
फरक तीन गुणांवर जात नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. जाकिटाच्या आत बघायलाच हवं.
यूचेन फोटो घेऊन भावाकडे गेली. जाताना एक शब्द बोलली नाही. समजूतदार आहे.

शुक्रवार, १४
तिच्या हेअर ड्रायरने जाकिटं तापवून सोडवली. पांढरीची एक चिप जाकिटाला चिकटूनच आली. आत दोन्हींवर एकच शिक्का. जुनहावच्या कारखान्याचा.
परत करायला दुकानाला फोन केला. बाई फार गोड बोलली. जाकीट काढलेला माल घेत नाहीत.

शनिवार, १५
व्हिडिओ झाला. जुनहावच्या लॅपटॉपवर. सत्तरीच्या जेवणाला हॉटेलात सगळ्यांना दाखवला. सासूबाई रडल्या, मग शेवटी शुभेच्छा आल्या. जुनहाव, मावश्या, शेजारी. मग मी. पाठमोरा, हातात स्क्रूड्रायव्हर, मान न वळवता: "उद्या देतो, उद्या!"
हॉटेल हसलं. मला फार लाज वाटली.
सासूबाईंनी माझ्या वाडग्यात वाढदिवसाचे लांब नूडल्स वाढले. म्हणाल्या, जावईबापू, पण जिंकलं कोण?
मी नूडल्स खात राहिलो. आयुष्य लांबावं म्हणून ते तोडायचे नसतात, त्यामुळे बराच वेळ बोलावं लागलं नाही.