बाथरूमच्या दाराविषयी बाबांना

डमडम, कोलकाता
बुधवार

तीर्थरूप बाबांना केयूरचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. पत्राच्या सुरुवातीला हे वाक्य सवयीने लिहितात, तसं मी ते लिहिलेलं नाही. रविवारी दुपारी ते लिहिता येईल की नाही याची मला खात्री नव्हती, म्हणून आज मुद्दाम लिहितो आहे. तुमचा गुडघा कसा आहे? अकोल्यात पाऊस धरला का? खानावळीचा डबा वेळेवर येतो का, आणि आला की तुम्ही तो वेळेवर उघडता का, हेही कळवा. (फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल. फोनवर बोललं की आई शेजारच्या खोलीतून ऐकतात, आणि व्हॉट्सअॅपवर लिहिलं की तुम्ही ते संध्याकाळी बागेतल्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवता. यातलं काहीही आत्ता परवडणारं नाही.)

बाबा, तुम्ही ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी आम्हाला घराच्या निगेबद्दल जे संदेश पाठवता, ते या कुटुंबात मन लावून वाचणारा मी एकटा आहे. नूपुर म्हणते की लहानपणी तिने तुमचं जेवढं ऐकलं नाही तेवढं मी जावई होऊन ऐकतो. हा फ्लॅट आम्ही जुना घेतला, त्याची दारं खरी लाकडी, आणि इथली हवा अशी की ठेवलेलं मीठ दुपारपर्यंत पाझरतं, त्यामुळे तुमच्या सूचनांना इथे जेवढा वाव आहे तेवढा अकोल्यातही नसेल. स्वयंपाकघरातल्या डब्यांना नावं चिकटवून झाली. (साखरेच्या डब्यावर ‘रवा’ आहे, ते नंतर लक्षात आलं.) माळा आवरून झाला. मग मी बाथरूमकडे वळलो, आणि तिथे तुमची एकही सूचना सोडली नाही. झुरळं येऊ नयेत म्हणून दाराच्या खालच्या फटीला आतून रबराची पट्टी स्क्रूने बसवली. डासांसाठी झरोक्याला जाळी लावली आणि ती सुटू नये म्हणून चारी बाजूंनी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या ठोकल्या. बिजागऱ्यांना तेल दिलं. तुम्ही खोबरेल लिहिलं होतं, आमच्याकडे मोहरीचं होतं, तर तेच दिलं; दोन दिवस बाथरूममध्ये कुणीतरी मासे तळल्यासारखा वास येत होता. शेवटी जुनी कडी काढून नवीन मुठीचं कुलूप बसवलं. पावसाळ्यात फुगलेलं दार आधी तासून घ्यावं आणि मगच कुलूप बदलावं, असं तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं. तासायला रंधा लागतो. तो माझ्याकडे नव्हता, कुलूप मात्र आणून झालं होतं.

रविवारी दुपारी पानं वाढली होती. भात, आमटी, नूपुरने इथे शिकलेला खसखशीतला बटाटा. आईंनी नेहमीप्रमाणे जेवणाआधीचं इन्शुलिन टोचून घेतलं आणि हात धुवायला बाथरूममध्ये गेल्या. दार फुगलेलं असल्याने ते लावायला जोर लागतो, तो त्यांनी लावला. आत काहीतरी कट्‌कन मोडल्याचा आवाज मला टेबलापाशी ऐकू आला. मग मूठ फिरल्याचा आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा आला. मी जाऊन बाहेरून फिरवून पाहिली. ती पंख्यासारखी गरागरा फिरत होती आणि दार होतं तिथेच होतं.

पहिल्यांदा आम्ही हसलो, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. आईही आतून हसल्या. म्हणाल्या की तुम्ही जेवून घ्या, आमटी गार होईल, मी इथे आहेच. त्या वाक्यावर नूपुरचा चेहरा बदलला. तिने माझा दंड धरला आणि हळू आवाजात मला आठवण करून दिली की तिच्या आईने इन्शुलिन घेतलेलं आहे आणि पोटात सकाळच्या चहानंतर काही नाही.

बाबा, इथून पुढे मी विनोद करायचा प्रयत्न करीन, पण तो जमेलच असं नाही.

पहिला विचार आला तो साखर आत कशी द्यायची याचा. दाराखालून? तिथे माझी रबराची पट्टी, जिच्यातून झुरळही जात नाही. झरोक्यातून? त्याला माझी जाळी आणि पट्ट्या, आणि बाहेर सरळ खाली जाणारी डक्ट. मी त्या बाथरूमचा किल्ला केला होता. मी दाराला खांदा मारला. दार हललं नाही, भिंतीवरचा आरसा पडला. तो आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे बिमानबाबू वर आले. हे खिदिरपूरच्या गोदीत आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि गोदीतून येताना त्यांनी एक लोखंडी पहार बरोबर आणलेली आहे, जी ते कुठल्याही घरगुती अडचणीत घेऊन येतात. (गेल्या वर्षी आमच्या फ्रिजचं दार लागत नव्हतं तेव्हाही आणली होती.) ते अर्धं बंगालीत, अर्धं हिंदीत म्हणाले की एक घाव, आणि दार आत. नूपुर दाराला पाठ लावून उभी राहिली. बाथरूम एवढंसं, दार आत उघडणारं, आणि आई दारालाच टेकून उभ्या होत्या. दार आत म्हणजे आईंच्या अंगावर. बिमानबाबूंनी पहार खाली ठेवली आणि अग्निशमन दलाला फोन लावला. तिकडून माणसं निघतो म्हणाली, पण आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं, वेळ लागणार हे उघड होतं. आमचा सुतार बशीरहाटला गेला होता.

तेवढ्यात आईंनी आतून विचारलं, ‘‘शोभा, आलीस का गं?’’

शोभामावशी नागपूरला आहेत. नूपुरने मोठ्याने सांगितलं, आई, मी नूपुर. तिला ते तीनदा सांगावं लागलं. मग, ‘‘हो, नूपुर. मला घाम फार येतोय गं,’’ असं आलं, आणि कुणीतरी दाराला घासत खाली बसावं तसा आवाज झाला.

मला कसं सुचलं कोण जाणे, पण मी बाहेरच्या मुठीचे स्क्रू काढायला सुरुवात केली. मूठ निघाली, तिच्यातून आरपार जाणारी चौकोनी सळईही ओढून काढली. कुलूप तसंच लागलेलं राहिलं, पण दाराला बोट जाईल एवढं एक भोक पडलं आणि त्यातून मला आईंच्या पातळाची निळी कड दिसली. नूपुर तोवर साखरेचं पाणी करून आली होती. (तिने ‘रवा’ लिहिलेल्या डब्यातच सरळ हात घातला, हे तिचं मोठेपण.) बिमानबाबू खाली धावत गेले आणि नातीच्या शहाळं प्यायच्या नळ्या घेऊन आले. एका नळीचं टोक दुसरीत खुपसून आम्ही ती भोकातून आत सारली आणि नूपुरने पेला आपल्या बाजूला धरला.

ती म्हणाली, ‘‘आई, वर बघ. नळी आहे. ओढ.’’

काही झालं नाही. ती पुन्हा म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. आईंशी ती असं बोलते हे मी कधी ऐकलेलं नव्हतं. ‘‘आई, मी सांगते ते ऐक. तोंडात धर आणि ओढ.’’

पेल्यातलं पाणी हललं आणि खाली जाऊ लागलं. आम्ही तिघंही त्या पाण्याकडे बघत होतो. बिमानबाबू पुटपुटत होते, तो जप होता की शिव्या मला कळलं नाही. पेला संपला. दुसरा दिला, तोही संपला. मग आतून आवाज आला, थकलेला पण ओळखीचा: ‘‘एवढं गोड कशाला केलंस?’’ नूपुर तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली.

त्याच वेळी आई आणखी एक वाक्य बोलल्या. तुम्हाला ते सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं, तरीही लिहितो. त्या म्हणाल्या, ‘‘केयूरराव, ह्यांना कळवू नका हं. तिकडे एकटे आहेत, जेवणार नाहीत.’’ चैत्रात पाहुण्यांच्या देखत तुम्ही ‘तुझ्यावाचून माझं काही अडत नाही’ असं म्हणालात, आणि त्यावर आठ दिवसांसाठी म्हणून इकडे येऊन अजून इथेच असलेल्या आईंनी त्यानंतर तुमचं नाव माझ्यासमोर घेतलं ते हे पहिल्यांदा.

पण दार बंदच होतं, आणि साखर पुन्हा उतरणार नाही असं कोण सांगणार? बिजागऱ्या आतल्या बाजूला. त्यांच्या खिळ्या काढल्या तर दार सुटेल, आणि त्या फक्त आईच काढू शकत होत्या. मी भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर आत सरकवला आणि त्याचं टोक खिळीच्या खाली लावून वरच्या दिशेने ठोकायचं, असं समजावलं. हातोडी म्हणून त्यांच्याकडे अंघोळीचा तांब्या होता. खालची खिळी निघाली. मधली निघाली. मोहरीच्या तेलाने त्या लोण्यासारख्या सुटत होत्या, हे तुमचं यश आहे. वरच्या खिळीला हात पोचेना. आई म्हणाल्या, बादली पालथी घालते. आम्ही तिघांनी तीन भाषांत नको म्हटलं. त्यांनी बादली पालथी घातली. त्या चढल्या हे आम्हाला फक्त ऐकू आलं. मग तांब्याचे घाव, मग काहीच नाही, आणि मग फरशीवर लोखंड पडल्याचा लहानसा आवाज.

मी ओरडून त्यांना कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं, आणि बिमानबाबूंनी आणि मी बिजागरीच्या बाजूने दार हळूहळू आत रेटलं. ते वाकडं झालं, करकरलं आणि सुटलं. आई भिंतीला टेकून, एका हातात तांब्या आणि दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर धरून उभ्या होत्या, घामाने भिजलेल्या, आणि केसांवर चुन्याची भुकटी. बिमानबाबूंनी त्यांना वाकून नमस्कार केला. नूपुरने त्यांना टेबलापाशी आणून पहिला घास भरवला, दुसरा त्यांनी स्वतः घेतला आणि बटाट्यात मीठ कमी आहे असं सांगितलं. संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले, आता सगळं ठीक आहे. अग्निशमनवाले पाण्यातून वाट काढत पोचले तेव्हा आम्ही ताक पीत होतो. त्यांनाही दिलं.

गुडघ्याला शेक देत चला.

तुमचा आज्ञाधारक,
केयूर

ता. क. दार सध्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं आहे आणि बाथरूमला नूपुरच्या जुन्या साडीचा पडदा आहे. आत असेल त्याने गात राहावं, असा नियम केला आहे. मला एकच आरती पूर्ण येते, त्यामुळे अंघोळ लवकर उरकते.

ता. क. २. खरं म्हणजे हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं. बाबा, तुम्ही इकडे या. आई बोलत नाहीत, पण रविवारपासून जेवायला बसल्या की घड्याळाकडे बघतात आणि ‘आता डबा आला असेल’ असं स्वतःशीच म्हणतात. न्यायला आलो असं मात्र म्हणू नका, त्यांचा मान दुखावेल, त्या अडून बसतील. जावयाला दार बसवता येत नाही म्हणून आलो, एवढंच म्हणा. रंधा घेऊन या, म्हणजे खरं वाटेल. आणि मी पत्र लिहिलं हे कृपा करून त्यांना कळू देऊ नका.

ता. क. ३. केयूरराव पाकीट आणायला खाली गेले आहेत आणि पत्र टेबलावर उघडं आहे, म्हणून मी वाचलं. फार वाढवून लिहिलंय. मी बादलीवर चढले तेव्हा मला चक्कर वगैरे काही नव्हती. सुतार बशीरहाटहून आला आहे, उद्या तो दार बसवतो. तेव्हा दार बसवायला म्हणून येऊ नका. यायचं तर मला न्यायला म्हणून या. — शकुन