जीपच्या मागची जागा

नाशिक रोड
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय रवीदादा,

सप्रेम नमस्कार. मस्कतचा उन्हाळा उतरला का? इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा या पावसाळ्यात फारसा कुरकुरला नाही. तुझी भाची आरोही शाळेच्या कबड्डी संघात निवडली गेली, तेव्हापासून घरात येईल त्याचा पाय धरते. भारतच्या मागे प्रेसमधला ओव्हरटाइम लागलाय, पण रविवार तो माझ्यासाठी राखतो.

फोन असताना ही पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू जीपचं विचारतोस, मी मस्त म्हणते, आणि सांगायचं ते राहून जातं. तुझा मित्र सोमनाथ परवा मस्कतला परत निघालाय. त्याच्याकडे हे देते.

डिसेंबरच्या ऑफ-रोड स्पर्धेसाठी जीप खरंच मस्त तयार झाली होती. तू पाठवलेला लॉकर गॅरेजवाल्या वाल्मीकभाऊंनी मागच्या अ‍ॅक्सलला बसवला. एक चाक हवेत लोंबकळत असलं तरी दुसरं आता गाडी ओढतं. स्प्रिंगचे नवे कडक पाटे टाकल्यावर ती चांगली हातभर उंच दिसायला लागली. गाडी उलटली तर डोकी वाचवायला पाइपांचा पिंजरा हवा, तो तुझ्या चित्राबरहुकूम केला. त्यासाठी मागचा बाक काढला. शेवटचा बोल्ट गंजलेला, निघता निघेना. मीच तो फिरवला आणि निघाला तेव्हा मी आणि भारत गॅरेजमध्ये ओरडलो, एवढा आनंद. मोकळ्या जागेत तिरके पाइप, त्यांच्यामध्ये स्टेपनी, बाजूला हत्यारांची पेटी.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं तिला सुरगाण्याकडे घेऊन गेलो. तुला फोटो पाठवले ते त्याच दिवशी सकाळचे. दुपारचं सांगितलं नाही.

एका पाड्याजवळ ओढा पार करून वर आलो तर रस्त्यात माणसं उभी. मला वाटलं गाडी बघायला आलेत. मी हसून हातही केला, दादा. जवळ गेल्यावर झोळी दिसली. बांबूला बांधलेल्या चादरीत एक बाई, सविता. आठवा महिना, सकाळपासून रक्त जात होतं. अ‍ॅम्ब्युलन्स वरच्या बाजूला अडकलेली, कारण मधला रस्ताच वाहून गेला होता. तिची सासू मालनबाई माझ्या खिडकीशी आली.

"ताई, तुमची गाडी पाण्यातून आली, आमी पाह्यलं. हिला न्या."

सविताचा नवरा गोटीराम तिला उचलून मागच्या बाजूला गेला आणि तिथेच थांबला. मागे जागाच नव्हती. भारतने पान्हा घेऊन स्टेपनी सोडवली, बाजूला फेकली, तरी तिरके पाइप मधोमध. माणूस आडवा जाईना. शेवटी तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा बांधला. ती सीट मागे कलत नाही, स्पर्धेची आहे. भारत खाली राहिला. मालनबाई पाइपांमध्ये अंग दुमडून शिरली आणि मागून सुनेचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसली.

आयुष्यात इतकी चांगली गाडी मी कधी चालवली नसेल. हे लिहायलाही लाज वाटते. वाहून गेलेल्या जागी लॉकर लावला, एक चाक अधांतरी, तरी ती चढली. पण दर दगडाला ते कडक पाटे उसळायचे आणि सविता "आई गं" म्हणायची. मग म्हणेनाशी झाली. मालनबाई एकसारखी बोलत होती, "जागी राह्य, पोरी, जागी राह्य."

वर पोहोचल्यावर अ‍ॅम्ब्युलन्समधल्या नर्सने दार उघडलं आणि म्हणाली, "बसवून आणलं?" घाईत म्हणाली, माझ्याकडे बघितलंही नाही.

सविता वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगा होता.

मी नंतर डॉक्टरांना विचारलं, आडवी आणली असती तर? ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही. उशीर आधीच झाला होता." भारतही मला तेच समजावतो. दिवसा पटतं.

पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मालनबाईने नागलीची भाकरी वाढली आणि म्हणाली, "तुमी होत्या म्हणून सून तरी हाय." सविता भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "गाडी तुमीच चालवत होत्या ना? मला वाटलं, सपान पडलं." मी हो म्हटलं.

दादा, मागच्या सोमवारी मी पिंजरा कापला. वरची कमान ठेवली, मागचे तिरके पाइप काढून टाकले. तिथे लांबीला एक बाक केलाय, माणूस आडवा झोपेल असा. पाट्यांची दोन-दोन पानंही कमी केली. आता ती स्पर्धेच्या नियमात बसत नाही. डिसेंबरच्या यादीतून आपली नावं मी मागे घेतली. तुला न विचारता. विचारलं असतं तर स्पर्धेची गाडी वेगळी असते असं तू समजावलं असतंस, आणि मला ते पटलं असतं. म्हणून विचारलं नाही.

सुट्टीचे किती शुक्रवार तू खोलीत बसून ही गाडी कागदावर बांधलीस, ते मला माहीत आहे. ती पहिल्यांदा डोंगरावर घालायचा मान तुझा होता. तो मी घेतला आणि वर गाडीही मोडली. त्याने त्या घरात काही परत आलं नाही, एवढं मलाही कळतं.

एक गोष्ट मात्र तुला विचारल्याशिवाय करणार नाही. गोटीराम पूर्वी प्रवासी जीप चालवायचा. पावसाळ्याचे चार महिने गाडी त्याच्या पाड्यावर ठेवावी असं मनात आहे. तुझं मन होत नसेल तर नाही म्हण, मी काही धरून बसणार नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतंय, तू स्पर्धेसाठी येणार. स्पर्धा नसली तरी ये.

तुझ्या उत्तराची, आणि रागाचीही, वाट पाहणारी,
शुभांगी