आपोआप लागणारा उजवा दिवा

११ फेब्रु. ९४
बिदरचा माल, रंगीत टीव्हीची खोकी. झहीराबादच्या अलीकडे मागून स्कूटर. नवरा-बायको, बाईच्या मांडीवर लेकरू. एकदम उजवीकडून पुढे आले अन् समोरून बस. मी ट्रक डावीकडे मातीत घातला. कलंडता कलंडता राहिला. स्कूटर मधल्या फटीतून निघाली. कशी ते...
स्कूटरवाला परत आला. वाटलं, मारतो आता. हळूच म्हणाला, "भाई, तुमिच साइड दिए ना?"
मी दिली नव्हती. मागे जाऊन पाहिलं. उजवा इंडिकेटर लुकलुकत होता.

१२ फेब्रु.
मेहुणा प्रकाश, माझा क्लीनर, शपथेवर सांगतो, "दाजी, तुमचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते." म्हणजे आपोआप लागला. ट्रकचा उजवा लागला की मागच्याने समजायचं, रस्ता मोकळा, जा. तो बिचारा माझ्या भरवशावर बायको-लेकरू घेऊन निघाला. याच्या आधी किती वेळा लागला असेल?
जेवण गेलं नाही.

१४ फेब्रु.
शहरात परत. मलकपेठ, खाजाभाई इलेक्ट्रिशियन. स्टीअरिंग उतरवून स्विच उघडला. आतली पितळी पट्टी झिजून वाकलेली, स्प्रिंग मेलेली. धक्का बसला की पट्टी टेकते. ह्या मॉडेलचा नवा मिळत नाही. भंगारातल्या गाडीचा काढून बसवला. "अब बेफिकर जाओ."
पहिल्याच स्पीडब्रेकरवर डॅशबोर्डवरचा इंडिकेटरचा हिरवा दिवा टिक टिक. तिथूनच परत.

१५ फेब्रु.
आज खरा दोष सापडला, इंडिकेटरची वायर. स्टीअरिंगच्या नळीत घासून उघडी पडलेली. नवी ओढली. तिघांनी केबिन गदागदा हलवली. नाही लागला.
विचारलं, अजून कुठे काही असेल का? खाजाभाई हसला नाही. "पुरानी गाडी है मियाँ, कसम कैसे खाऊं?"

१६ फेब्रु.
बायको, सुमन, म्हणाली, "मी बघते मागून." प्रकाशच्या मागे मोपेडवर बसून ट्रकच्या पाठोपाठ आली, उप्पलपर्यंत अन् परत. घरी आल्यावर म्हणाली, "एकदा पण लागला नाही." मग जरा थांबून, "पण तुम्ही दोनदा उजवीकडे वळलात की हो. तेव्हा पण नाही लागला. एक रिक्षावाला घुसत होता. आम्ही बोंबललो म्हणून थांबला."
प्रकाशने जाऊन इंडिकेटरची दांडी ओढली. दिवा लागतो, बंद होतो. स्विच ठीक आहे.
दांडीला मीच हात लावला नव्हता. अन् मला ते कळलंसुद्धा नाही.
सुमनने ताट वाढलं.

१८ फेब्रु.
परत बिदरचा माल. रस्त्यातल्या हॉटेलात चहा. हे इथेच लिहितोय.
मघापासून एक जीप मागे होती. हॉर्नवर हॉर्न. समोर रस्ता रिकामा, लांबपर्यंत. प्रकाश म्हणाला, "दाजी, द्या की साइड." हात दांडीपर्यंत गेला. पण मनात आलं, मला दिसत नसेल असं काही समोर असलं तर? हात मागे घेतला. जीपवाल्याने शेवटी हॉर्न मारणं सोडलं. तसाच मागे मागे आला.
तो पण इथे उतरलाय. पलीकडच्या बाकावर बसून माझ्याकडे बघतोय.
बिदरचं गोदाम रस्त्याच्या उजव्या अंगाला. वळावंच लागेल, म्हणजे उजवा दिवा द्यावाच लागेल. प्रकाश गाडीत जाऊन बसला, हाका मारतोय.