आयच्या डोक्यातलं पाणी

तीर्थरूप बाबांना,
दिल्लीहून तुळशीदासचा नमस्कार.

आय बरी आहे, पोटभर जेवते. इथली नदीची मासळी मात्र तिने नुसता वास घेऊन परत केली.

काल तिला त्या चुंबकाच्या यंत्रात झोपवलं. अंगावरचं सोनं काढून माझ्या रुमालात बांधलं. आत ढोल बडवल्यासारखा आवाज, पण ती हलली नाही. मग पडद्यावर तिचं डोकं आतून दिसलं. कुठे कापलं नाही, टोचलं नाही. 

डॉक्टर म्हणाले, मांसात सगळीकडे पाणी असतं. यंत्र त्याला धक्का देतं आणि ते शांत व्हायला किती वेळ लागतो ते मोजतं. चरबीत लगेच, मेंदूत सावकाश, दुखऱ्या जागी त्याहून उशिरा. आयच्या डाव्या कानामागे एका जागी जरा जास्त वेळ लागतोय, म्हणून परत बघणार आहेत. तुम्ही घाबरू नका.

तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग डोक्यात दर्याच हाय ना रं."

होडीचा रंग झाला का? पुनवेला दर्या शांत व्हावा म्हणून नारळ वाहाल, तेव्हा एक तिच्या नावाने वाहा, असं ती सांगते. बाबा, या नारळाला मी दरवर्षी हसतो. यंदा तिचा नारळ मोठा बघून घ्या.

तुमचा,
तुळशीदास